वासरं पाजणाऱ्याची लेक

आमच्या भागात कुणाचं वासरू पीत नसेल, तर मला फोन येतो. माळेगाव बुद्रुकच्या शिवारात माझा जर्शी गाईंचा गोठा आहे आणि मरायला टेकलेली वासरं पाजून उभी करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असा लौकिक आहे. तो पसरवण्यात सगळ्यांत मोठा वाटा माझाच. लग्न असो, दहावा असो, चार माणसं बसली की मी फिरून वासरांवर येतो. बोट दुधात बुडवायचं, वासराच्या तोंडात द्यायचं, ते चोखायला लागलं की हळूहळू हात बादलीत न्यायचा. विद्या एवढीच. पण मी ती सांगायला लागलो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

त्यामुळे माझी लेक दोन महिने आधी जन्मली आणि तिला दूध ओढता येत नाही असं कळलं, तेव्हा काळजी वाटली हे खरं, पण जरा हुरूपही आला. म्हटलं, हे तर आपलं खातं.

बारामतीच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती. केवढी होती ते मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. माप दाखवायला दोन्ही हात पुढे करतो आणि ते प्रत्येक वेळी जास्तच लांब होतात. नाकातून एक बारीक नळी पोटात गेली होती आणि बायकोचं काढलेलं दूध त्या नळीतून थेंब थेंब सोडायचे. ज्याच्या घरचं दूध कॅन भरभरून डेअरीला जातं, तो माणूस सिरिंजमधल्या तेवढ्याशा दुधाकडं टक लावून उभा असायचा, आणि ते खाली उतरलं की पीक पोत्यात पडल्यासारखा निःश्वास टाकायचा.

डॉक्टर बाईंनी आम्हाला बसवून नीट सांगितलं. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं बाळाला एका तालात करावी लागतात. पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत हा ताल जमतो, आणि नेमके तेच आठवडे हिला मिळाले नाहीत. शिकेल, पण वेळ लागेल. एवढं ऐकून मी मान डोलावली आणि म्हणालो की वासरांचंही अगदी असंच असतं. डॉक्टर बाई थांबल्या. बायकोनं टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं, पण मी बोटाची पद्धत सांगितली. दुसऱ्या दिवशीपासून तिथल्या सिस्टर मला पाहिलं की हसू दाबायच्या आणि माझ्याकडून हात दोनदा धुवून घ्यायच्या.

यथावकाश नळी निघाली. वाटी-चमच्यानं दूध, मग अंगावर, असं करत लेक घरी आली. पिताना मध्येच दमायची, श्वास घ्यायला थांबायची, पुन्हा पाच-सहा घोट. पण पीत होती. मी गोठ्यात गाईंना सांगितलं, गावात माणसांना सांगितलं. जणू ते सगळं मीच केलं होतं.

खरी गंमत उष्टावणापासून सुरू झाली.

डॉक्टर बाईंनी निघतानाच बजावलं होतं की हिचं वय जन्माच्या दिवसापासून मोजू नका, जन्मायची होती त्या दिवसापासून मोजा. वरचं खायला घालण्याची घाई करू नका. घरी येऊन हे सांगितल्यावर माझी आई म्हणाली, पोरीला काय दोन दोन वाढदिवस असतात का? आमच्याकडे मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. आईच्या हिशोबानं लेकीला सातवा महिना लागला होता, डॉक्टर बाईंच्या हिशोबानं पाचवा. मी दोघींचा मान राखत निवाडा दिला की सात विषम आणि पाचही विषम, म्हणजे कुणाच्याही हिशोबानं मुहूर्तात खोट नाही. घरात सगळ्यांना पटलं. एवढा हुशार जावई मिळाला म्हणून सासूबाईंनीही फोनवर कौतुक केलं. घशात काय जमतं आणि काय नाही, हे त्या निवाड्यात कुठेच नव्हतं.

उष्टावण करायचा मान मामाचा, म्हणून कार्यक्रम बायकोच्या माहेरी ठेवला, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरजवळच्या कळंबला. मामानं चांदीची वाटी-चमचा आणला होता. लेकीला परकर-पोलकं घातलं. अंगण भावकीनं भरलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. मामानं खिरीचा चमचा भरून तिच्या तोंडात घातला, टाळ्या झाल्या, आणि लेकीचा चेहरा लाल झाला. मग लालही राहिला नाही. शेवईचा एक तुकडा कुठंतरी अडकला होता. बायकोनं तिला उपडी केली, पाठीत थापट्या मारल्या, सगळं बाहेर आलं, आणि मग ती रडली. तिचं रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच परातीशेजारी मटकन बसलो. मामा बिचारा रिकामा चमचा हातात धरून उभा होता. पुढं किती दिवस तो आमच्याकडं आला की लेकीला घ्यायलाच घाबरायचा.

त्या दिवसानंतर तिनं तोंड मिटलं. दूध चालायचं. पण चमचा दिसला की ओठ घट्ट, मान भिंतीकडं. आम्ही थांबलो, पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू केलं, तरी तेच. नाचणीची पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, सगळं झालं. दाणा जिभेला लागला की उमासा यायचा. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी मोबाईलवर गाणी लावली. आणि सगळे उपाय थकल्यावर मी माझी युक्ती काढली.

तेव्हा कारखान्याचा हंगाम सुरू होता. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जायच्या. लेकीला त्या गाड्यांचं भयंकर वेड. घुंगरांचा आवाज आला की ती कडेवर उड्या मारायची आणि बैल समोर आले की तोंडाचा मोठा आ करून बघत राहायची. मला त्या उघड्या तोंडात संधी दिसली. मी तिला ओट्यावर घेऊन बसायचो, वाटी पाठीमागं लपवायचो, आणि गाडी समोर आली, आ झाला, की चमचा आत. पहिल्या दिवशी दोन चमचे गेले. मी विजयी वीरासारखा स्वयंपाकघरात जाऊन रिकामी वाटी दाखवली. ओट्याखाली काय सांडलंय ते कोंबड्यांना माहीत होतं.

आठवडाभर हे चाललं. मग एके दिवशी लांबून घुंगरं वाजली आणि माझ्या कडेवरची लेक गप्प झाली. उडी नाही, काही नाही. गाडी समोर आली तेव्हा तिनं ओठ आत ओढून तोंड मिटून घेतलं आणि माझ्या खांद्यात चेहरा लपवला. बैल निघून गेले. तिनं ते पाहिलेच नाहीत. जगात तिला मनापासून आवडणारी एकच गोष्ट होती, तीही मी घालवली. मला फार वाईट वाटलं. तरी संध्याकाळी मी पुन्हा वाटी घेऊन बसलो, कारण माणसाला दुसरं काही सुचत नसलं की तो तेच जोरात करतो.

बारामतीला दाखवायला नेलं तर वजन होतं तिथंच होतं. डॉक्टर बाई पहिल्यांदाच जरा कडक बोलल्या. नुसत्या दुधावर आता भागणार नाही, असंच राहिलं तर काही दिवस पुन्हा नळी घालावी लागेल. आणि तुम्ही जबरदस्ती करत असाल तर आधी ती बंद करा, तिच्यासमोर खाणं ठेवा, तिला हात घालू द्या. आम्ही दोघांनी हो हो म्हटलं. गाडीत बायको रडली. नळी म्हटलं की तिला ती काचेची पेटी दिसते, मलाही दिसते. घरी येऊन डॉक्टर बाईंच्या बोलण्यातलं आम्ही फक्त नळी एवढंच लक्षात ठेवलं आणि दुप्पट जोमानं भरवायला लागलो.

अशात पळसदेवहून एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या गाईनं दिवस भरायच्या आत वासरू टाकलं होतं. जिवंत होतं पण पीत नव्हतं. मी तेव्हा लेकीला मांडीत आवळून बसलो होतो. एका हातात पेजेचा चमचा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिचे गाल दाबलेले. मोबाईल खांद्यावर मान वाकडी करून धरला. विषय वासरांचा होता, त्यामुळे माझा आवाज आपोआप भारदस्त झाला. त्यांनी बांबूच्या नळकांड्यानं दूध ओतायचा बेत केला होता, ते ऐकून मी त्यांच्यावर तडकलोच.

"दाबून पाजू नगा, तात्या. दूध छातीत जाईल. आन् एकदा का जबडा धरला, तर ते तोंडाजवळ येणाऱ्या हातालाच भ्यायला लागतंय. बाटली म्होरं धरा आन् गप बसा. तोंड त्याचं हाय. कवा उघडायचं ते त्याला ठरवू द्या."

फोन ठेवला. बायको दारात उभी होती, कणकेचे हात तसेच. ती आली, माझ्या हातातून चमचा काढून घेतला, लेकीच्या गालांवरची माझी बोटं एकेक करून सोडवली. गालांवर दोन पांढरे ठसे उमटले होते, ते हळूहळू लाल झाले.

"हिला बी वासरूच समजा की एकदा," ती म्हणाली.

एवढंच बोलली आणि चपात्या लाटायला गेली. मी दवाखान्यापासून सगळ्या जगाला सांगत सुटलो होतो की बाळाचं वासरासारखंच असतं. आणि गोठ्यातल्या एकाही वासराला मी कधी असं धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चमचा बंद केला. पेंडीचं रिकामं पोतं स्वच्छ धुऊन जेवायच्या जागी अंथरलं, त्यावर लेकीला बसवलं, समोर ताटली. ताटलीत आमच्याच ताटातलं: मऊ भात-वरण, दुधात भिजवलेल्या भाकरीचे तुकडे. आम्ही आपापलं जेवायचं आणि तिच्याकडं बघायचं नाही. हे न बघणं मला काही केल्या जमेना. पाणी घ्यायच्या निमित्तानं वळायचो, मीठ मागायचो. शेवटी आईनं माझं ताट भिंतीकडं तोंड करून मांडलं. म्हणाली, तुला तिच्या तोंडात बघायचंय, तिला तुझ्या पाठीकडं बघू दे. शाळेत अंगठे धरून उभा राहिलेला मी, घरचा कर्ता झाल्यावर भिंतीकडं तोंड करून जेवायला लागलो.

सुरुवातीला ती नुसता भात पोत्यावर थापायची. मग वरणात हात, मग तो हात केसांत. पोटात काही जायचं नाही. बायको शांत दिसायची, पण तिच्या ताटातली भाकरीही तशीच राहायची. पुढच्या वेळी वजन करायला जायचा दिवस जवळ येत होता आणि आमच्या दोघांच्याही जिवाला तोच घोर लागला होता. मला रोज वाटायचं की उद्या पुन्हा चमचा काढावा. पण बायकोनं सगळे चमचे फळीवर उंच ठेवून दिले होते.

एका दुपारी रस्त्यावरून गाडी गेली, घुंगरं वाजली. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो, तेवढ्यात पाठीला काहीतरी ओलं लागलं. वळून पाहिलं तर लेक रांगत आली होती. माझ्या सदऱ्याला धरून ती उभी राहिली आणि भाकरीचा एक तुकडा माझ्या तोंडासमोर धरला. दुधात भिजलेला, पोत्यावर घासलेला, त्याला एक केस चिकटलेला.

मी मान मागं घेतली आणि ओठ मिटले.

ती तशीच उभी राहिली. तिनं माझे गाल धरले नाहीत, बैलगाडी दाखवली नाही. हात पुढं करून नुसती वाट बघत होती, डोळे माझ्या तोंडावर. मागं बायको आणि आई दोघींचं जेवण थांबलं होतं.

मी तोंड उघडलं.

तिनं तुकडा आत ठेवला आणि मी चावतोय ते अगदी जवळून पाहिलं. मग खाली बसली, माझ्या ताटातल्या दुधातला दुसरा तुकडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. उमासा आला. डोळ्यांत पाणी आलं. आम्ही कुणी जागचे हललो नाही. तिनं जीभ इकडं तिकडं फिरवली, थांबली, श्वास घेतला आणि गिळलं. मग तिसऱ्यासाठी हात पुढं केला.

माझा पहिला घास अजून तोंडातच होता. तो चघळत मी ताट तिच्याकडं सरकवलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.