उमाकांतरावांचं जाड पिक

"जे वाकतं ते भार कसला घेणार?" गिटारच्या दुकानात उमाकांतराव एकदा म्हणाले, आणि त्यांच्या पत्नी नयनाबाईंनी ओळखलं, हे आता सगळ्यात जाड तेच उचलणार.

पिक म्हणजे तारा छेडायची तिकोनी चकती. नुसती गाण्याला साथ करायची तर मऊ पिक घ्या, असं दुकानदार समजावत होता. पण उभी हयात विमानाच्या कारखान्यात काढलेल्या उमाकांतरावांनी खिशातून मोजमापाचा कॅलिपर काढला, एकेक पिक त्यात धरून पाहिलं आणि जाडजूड काळं पिक घेतलं.

माणूस घराबाहेर पडतोय, हेच नयनाबाईंना पुष्कळ होतं. निवृत्तीनंतर त्यांच्या पोळ्यांचा व्यास तपासला जाऊ लागला होता, मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांचे क्रम बदलले होते. मग सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत बेळगावच्या पवित्रानं गाण्याचा गट काढला, हे गिटार घेऊन तालमीला जाऊ लागले, आणि स्वयंपाकघर पुन्हा बाईंच्या ताब्यात आलं.

पण हात जड, त्यात पिक जाड. पवित्रा गायची आणि ऐकू यायची ती गिटार.

"काका, स्वल्प हळू की हो."

"हळूच वाजवतोय."

"मग जोरात वाजवू नका. वरच्या मजल्यावर लोक राहतात."

सगळे हसले. उमाकांतराव सोडून.

जाताना पवित्रानं तालीम ऐकायला आलेल्या नयनाबाईंना बाजूला घेतलं. "काकू, रविवारच्या तालमीत असंच झालं, तर गणपतीच्या कार्यक्रमात काकांना माइकची व्यवस्था बघायला सांगते. गिटार नको."

म्हणजे हे रुसून घरी बसणार. नयनाबाईंच्या डोळ्यांपुढे पोळ्या उभ्या राहिल्या.

"मऊ पिक घेऊन बघा ना," त्या घरी म्हणाल्या.

"तुला त्यातलं काय कळतं?"

त्या हसल्या. दुपारी हे झोपल्यावर त्यांनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण घेतलं, काळं पिक त्यावर ठेवून कडेनं पेन फिरवलं, कात्रीनं कापलं, नखं घासायच्या कानशीनं कडा गुळगुळीत केल्या. ते गिटारच्या पिशवीत टाकलं आणि काळं पिक साडीच्या घडीत दडवलं.

रविवारी क्लबहाउसमध्ये उमाकांतरावांनी पिशवी तीनदा चाचपली. मग बायकोकडे पाहिलं. बाई पंखा बघत होत्या.

पवित्रानं सूर लावला. नाइलाजानं त्यांनी ते पिवळट पिक तारांवरून फिरवलं. ते वाकलं, तारांना चाटून गेलं, पुन्हा सरळ झालं. जड हाताचा सगळा जोर त्या वाकण्यात जिरत होता. पवित्राचा आवाज वर आला आणि गिटार त्याच्या खालून, पायघड्यांसारखी, चालत राहिली.

गाणं संपल्यावर पवित्रा म्हणाली, "काका, गणपतीला तुम्हीच वाजवायचं. पण पिक कुठलं हो हे?"

सगळे वाकून बघू लागले. पिकवर 'केशर' एवढीच अक्षरं होती. नयनाबाईंना हसू आवरेना.

उमाकांतरावांनी पिक रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवलं, गिटार खांद्याला लावली आणि ते बाहेर पडले.