पाण्याचं भांडं पुढे गेलं

ऑफिसात रजेचा अर्ज दिला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "पितृपंधरवड्यात कुठे निघालीस गं? या दिवसांत लोक साधा मिक्सर घेत नाहीत."

"आम्ही पाळत नाही, मॅडम."

"बरंय बाई तुमचं. रजा तरी मिळते."

आणि खरंच मिळाली. आमच्या घरात पिंडदान, श्राद्ध बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. हा पंधरवडा आम्हाला ठाऊक आहे तो एवढ्यापुरताच, की बाकीचे थांबलेले असतात आणि आमची कामं पटकन होतात. सानपाड्याच्या घराची चावीसुद्धा बाबांनी याच दिवसांत घेतली होती. त्यामुळे आईला घेऊन चार दिवस नॉम पेन्हला जायचं ठरलं तेव्हा मी डोळे झाकून हाच पंधरवडा निवडला.

नॉम पेन्ह म्हणजे कंबोडियाची राजधानी. जायचं होतं खरं तर बाबांना. ते तळोज्याला एका कंपनीत ऑपरेटर होते आणि रविवारी आमच्या विहारात वंदना घ्यायचे. निवृत्त झाल्यावर एकदा बौद्ध लोकांचं शहर बघायचं, एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती. लेणी नकोत, पडकी देवळं नकोत. म्हणायचे, "तिथली बाई भाजी आणायला निघते आणि वाटेत विहारात टेकते, ते बघायचंय मला." त्यांच्यामुळे मी शिकले. तालुक्याच्या शाळेतून थेट पदवीपर्यंत पोचणारी आमच्या घरातली मी पहिली. पहिल्या चांगल्या नोकरीतून त्यांना हे शहर दाखवायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तिघांचे पासपोर्ट आले आणि त्याच हिवाळ्यात बाबा गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. आमच्यात त्या दिवशी जलदान होतं. भंतेजी पाली गाथा म्हणतात, घरची माणसं भांड्यातून संथ धार सोडतात आणि आपलं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे करतात. धार धरायची ती आईनं. पण सकाळीच तिचं बीपी इतकं उतरलं की बायकांनी तिला आतल्या खोलीत झोपवलं. भांडं मी आणि काकांनी धरलं. आईनं दाराआडून नुसत्या गाथा ऐकल्या. पुढे कितीतरी दिवसांनी मटार सोलता सोलता ती एकदाच बोलली, "माझ्या हातचं पाणी राह्यलं गं त्यांना." मी काही म्हणायच्या आत तिनं शेंगांची टरफलं उचलली आणि उठून गेली.

नॉम पेन्हला आम्ही नदीजवळच्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. मालकीण चाळिशीची, हसरी, कामापुरतं इंग्रजी बोलणारी. तिची म्हातारी आई दिवसभर दारात बसून केळीच्या पानांत चिकट भात बांधत असायची. पहिले दोन दिवस आईला शहर फार आवडलं. पिवळ्या कौलांचा राजवाडा, छत्री घेऊन फुटपाथवरून जाणारे तरुण भिक्खू, चप्पल काढून दुकानातून बाहेर येणारा आणि भिक्खूपुढे हात जोडून बसणारा मोबाइलवाला. बाजारात आंबवलेल्या मासळीचा वास आला तेव्हा मी नाक धरलं. आई म्हणाली, "काऊन तोंड वाकडं करती? आपल्या शेजारच्या करावे गावात काय मासळीऐवजी अत्तर वाळत घालत्यात?" म्हातारीशी तर तिचं चांगलंच जमलं. एकीला मराठी, दुसरीला ख्मेर, आणि दोघींच्या गुडघ्यांना एकच तेल. भाषेवाचून त्यांचं काही अडलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पांढरी साडी नेसली. आमच्याकडे वंदनेला पांढरीच नेसतात. तिला पाहून मालकीण गंभीर झाली.

"घरात कोणी वारलंय का?" तिनं मला विचारलं.

मी आईला सांगितलं. आई चकित झाली. "हिला कसं कळलं गं?"

तिथे दुःखातली माणसं पांढरं घालतात, हे आम्हाला पुढे समजलं. मी मालकिणीला बाबांचं सांगितलं. तिनं छातीपाशी हात जोडले आणि म्हणाली, मग तुम्ही अगदी योग्य दिवसांत आलात. हा पंधरवडा आमच्याकडे गेलेल्या माणसांचा. ते उपाशी येतात, विहाराविहारात आपल्या लोकांना शोधत फिरतात. उद्या पहाटे आम्ही त्यांच्यासाठी भाताचे गोळे ठेवायला जाणार. तुमच्या वडिलांसाठीही करू. म्हातारी तेवढ्यात ताट घेऊनच आली. तिळाचे, भाताचे, मुठीएवढे गोळे.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. आईनं ताटाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम उतरला.

"पिंडच की गं हे!"

"आई, त्यांची पद्धत आहे."

"असंल. मला न्हाई जमायचं. त्यांनी जन्मभर लोकांना पिंड सोडा म्हणून सांगितलं आन मी त्यांच्याच नावानं ठिवू? सांग तिला, आमी मेलेल्यांना काई देत न्हाई."

मी तसंच्या तसं सांगितलं. मालकिणीनं ते आपल्या आईला सांगितलं. म्हातारी रागावली नाही. तिनं ताट मागे घेतलं, आईच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि आत गेली.

त्या रात्री आई जेवली नाही. "इतक्या लांब आलो," एवढंच म्हणाली. ज्या पंधरवड्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं, तोच इथे आमच्या आधी येऊन बसला होता. बौद्धांच्या देशात पितर असतील, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

सकाळी मालकिणीनं विचारलं, भाताचं तर झालं, पण विहारात भिक्खूंचं जेवण असतं, तिथे तरी याल का? आई तयार झाली. दुपारनंतर आमचं विमान होतं. सगळ्यांच्या हातात चार चार पुडाचे डबे होते. विहारात चटयांवर माणसंच माणसं. म्हातारी पाय एका बाजूला घेऊन बसली, तिच्याशेजारी आई, आईच्या पलीकडे म्हातारीची सून, आणि आईच्या मागे मी. मालकीण पलीकडे भिक्खूंसमोर वाढण्यात गुंतली होती.

पठण सुरू झालं. आई मन लावून ऐकत होती आणि हळूहळू हिरमुसत होती. पाली तीच, पण त्यांचे उच्चार इतके निराळे की शब्द हाती लागेनात.

"आपलं न्हाई हे," ती पुटपुटली.

मग लोकांनी पिशव्यांतून छोटी पितळी भांडी काढली. ठिकठिकाणी वाडग्यांत पाण्याची बारीक धार पडू लागली. म्हातारीनंही आपलं भांडं काढलं, धार धरली. आई पुढे सरकली. भिक्खू एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. आता मलाही ती कळली: हे पुण्य माझ्या गेलेल्या नातलगांना लाभो. बाबांच्या पुण्यानुमोदनाला भंतेजींच्या मागून मीच ती तीनदा म्हटली होती. आई ओठ हलवून म्हणू लागली. दाराआडून ऐकलेली ती ओळ तिला पाठ होती.

म्हातारीनं थोडं पाणी सोडलं आणि भांडं पुढच्या माणसाला द्यायला वळली. पुढे आईच होती. आईचा हात उचलला गेला होता, मांडीपासून वीतभर वर. म्हातारीनं तिच्याकडे बघून मान लववली, अगदी आदरानं, आणि भांडं आईच्या पुढून नेऊन पलीकडे बसलेल्या आपल्या सुनेच्या हाती दिलं. ही माणसं गेलेल्यांना काही देत नाहीत, हे तिनं नीट लक्षात ठेवलं होतं.

मी पुढे झुकून खुणा करू लागले. सुनेला वाटलं, मला वाडगं जवळ हवंय. तिनं हसून ते सरकवलं. तेवढ्यात भांडं रिकामं झालं, ओळ संपली, भिक्खूंनी जेवायला हात लावला. बाराच्या आत त्यांना उरकायचं असतं.

"आई, मी मालकिणीला सांगते. परत म्हणतील ते."

"भिक्खूंना ताटावरून उठवती का काय? गप बस."

लोक वाडग्यांतलं पाणी अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी ओतत होते. आई तिथे जाऊन उभी राहिली. मी पर्समधून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. तिनं झाकण उघडलं, झाडाकडे पाहिलं, आणि पुन्हा घट्ट लावलं.

"नको. म्हणायला कोणी न्हाई आता."

विमानात ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला सारखं वाटत राहिलं, की आदल्या संध्याकाळी ते वाक्य इंग्रजीत सांगताना मी जरा थांबले असते, आम्ही भात देत नाही पण पाणी देतो, एवढं जोडलं असतं, तर? पण तेव्हा मलाही ते सुचलं नव्हतं. आम्ही काय करत नाही, हे आम्हाला दोघींना तोंडपाठ होतं. काय करतो, ते सांगायची वेळच कधी आली नव्हती.

परतल्यावर पहिल्या रविवारी महिला मंडळाच्या बायका आमच्याकडे आल्या. आईनं सगळं रंगवून सांगितलं. नदी, राजवाडा, मोबाइलवाला, म्हातारीचे गुडघे. भाताच्या गोळ्यांचं सांगितल्यावर एकीनं कानाला हात लावले. "अगं बया! तिथं बी?" मग आई म्हणाली, "पर पानी सोडत्यात ते आपल्यावानीच. ओळ सुदीक तीच."

"मग ताई," तळमजल्यावरच्या काकू पुढे सरकल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईला आत झोपवणाऱ्यांत त्या होत्या. बाबांना त्या भाऊ म्हणायच्या. "तुमी दिलं का भाऊंच्या नावानं?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आई रोज सकाळी पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वय एक वर्षानं कमी लावू या, असं काका म्हणाले होते तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं.

"दिलं की," आई म्हणाली. "माझ्या हातानं."

"साधू, साधू, साधू," सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या. आईनंही हात जोडले. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी ट्रे खाली ठेवला आणि कुणाला बिनसाखरेचा, ते विचारू लागले.