बाईंचं यीस्ट आणि गरम आमटी

आमच्या बाई यीस्टला अहोजाहो करायच्या आणि आम्हाला अगंतुगं. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं, की फ्लास्कमधल्या गढूळ पाण्याला "काय, झोप झाली का तुमची?" असं मायेनं विचारायच्या. मागे उभ्या असलेल्या माझ्या वाट्याला फक्त "सरक गं तिकडं." उरवड्याच्या कारखान्यांच्या मधोमध असलेल्या आमच्या छोट्या संस्थेत त्या माझ्या पीएच.डी.च्या गाइड. राहायच्या भूगावला, पण मूळच्या मुळशीच्या, धरणाकाठच्या भातवाल्या घरातल्या. चार माणसांत शुद्ध बोलायच्या. आनंद झाला किंवा डोकं फिरलं, की मावळची बोली बाहेर यायची.

माझा विषय असा, की यीस्टला उष्णतेचा चटका बसला की काही जीन्स एकदम चालू होतात; ती चालू कोण करतं आणि पुन्हा बंद कोण करतं? मी जाडजूड पुस्तकं घेऊन बसले होते. बाईंनी ती मिटून ठेवायला लावली आणि थेट लग्नघरात नेलं.

"लग्नात एक आरडाओरडा करणारा मामा असतो का न्हाई? दोन समंजस बायका त्याला धरून बसलेल्या असतात. एकदम पंगत लोटली, भात खाली लागला, की त्या उठून चुलीकडं पळतात. मग मामा सुटला. अंगणात उभा राहून वरडतुया, आणखी बायका बोलवा. बायका येतात, काम आवरतं, दोघी रिकाम्या होतात आणि त्याचं मनगट धरून त्याला परत खाली बसवतात."

मामा म्हणजे जीन्स चालू करणारं प्रथिन आणि बायका म्हणजे उष्णतेनं बिघडलेल्या प्रथिनांना सावरणारी प्रथिनं. मी खो खो हसले, पण खरं सांगते, त्यानंतर हा विषय मला कधी अवघड वाटला नाही.

बाईंचा आणखी एक लाडका सिद्धांत होता. आधी थोडी झळ लागलेलं यीस्ट पुढचा मोठा चटका सोसतं. हा सिद्धांत त्या आमच्यावरही वापरायच्या. कुणाचं सेमिनार असलं, की आदल्या दिवशी चहा पिता पिता त्याला असे काही खवचट प्रश्न विचारायच्या, की बिचाऱ्याचं बिस्कीट चहातच विरघळून जायचं. दुसऱ्या दिवशी मात्र तो कुणाला भ्यायचा नाही.

माझी झळ वेगळीच होती. बाई वर्षभरात निवृत्त होणार होत्या. त्याआधी काम संपलं नाही, तर मी ज्या सरांच्या गळ्यात पडणार होते, त्यांच्या मते यीस्ट फक्त पाव फुगवायला बरं. आणि नेमका माझा कंट्रोल बिघडायला लागला. कंट्रोल म्हणजे चटका न दिलेलं यीस्ट. त्यात ही जीन्स गप्प असायला हवीत. माझ्याकडे ती दर शुक्रवारी आधीच चालू. सोमवारी सगळं ठीक, शुक्रवारी मामा अंगणात. महिनोन्‌महिने मी रडकुंडीला आले होते.

गुरुवारी आमच्याकडे वीज जायची, म्हणून बाई बुधवारी संध्याकाळी फ्लास्क भूगावला घरी न्यायच्या आणि शुक्रवारी स्कूटरवरून परत आणायच्या. एका शुक्रवारी त्यांची पिशवी उतरवून घ्यायला मी गेले. आत माझे फ्लास्क, बाई दर शुक्रवारी आमच्यासाठी आणायच्या त्या गरम आमटीच्या डब्याला बिलगून बसले होते, बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखे कोमट. मी बाईंकडे बघितलं.

"आगं बया," त्या म्हणाल्या, आणि आमटीचा डबा पिशवीतून उचलून लांब ठेवला. मग म्हणाल्या, आता याच फ्लास्कना मोठा चटका देऊन बघ. दिला. आमटीची ऊब घेतलेलं यीस्ट तगलं, थंड राहिलेलं बरंचसं मेलं. माझ्या प्रबंधाला एक अख्खं प्रकरण मिळालं.

व्हायवा झाली ती बाईंच्या शेवटच्या आठवड्यात. बाहेरून आलेले परीक्षक भलतेच करडे. शुक्रवारचे आकडे का वगळले, असं त्यांनी विचारलं. "वाहतुकीत तापमान वाढलं," मी म्हणाले. कुणी केली वाहतूक, कशामुळे वाढलं? बाई निवृत्त होत असताना त्यांचं नाव मी कशी घेणार?

मागच्या रांगेतून बाई उठल्या. "आमटी माझी होती, सर. चिंचगुळाची."

सगळं सभागृह हसलं. परीक्षक हसले नाहीत, पण त्यांचे पुढचे सगळे प्रश्न त्या आमटीच्या प्रकरणावरच होते, आणि ते मला झोपेतही तोंडपाठ होतं.

निकाल ठरवायला परीक्षक दार लावून बसले, तशी मी बाहेर सैरभैर झाले. चहा आला का, कप कमी आहेत, खुर्च्या कुणी हलवल्या, नुसता आरडाओरडा. बाईंनी येऊन माझं मनगट धरलं आणि बाकावर बसवलं.

"बस आता. हायेत माणसं."

दार उघडून मला डॉक्टर म्हणून हाक मारेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही.

त्या आता मुळशीला असतात आणि भाताच्या रोपांना अहोजाहो करतात. फार आठवण येते त्यांची. मी पोरांना शिकवते, लग्नघराच्या गोष्टीसकट. पण माझ्यातला मामा अजून उठतो, आणि तो उठला, की मी सरळ मुळशीची वाट धरते.