मुळासकट नमुना: लोहाऱ्याची एक फेरी

बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं की नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. याला नोकरी कुठं लागते, आणि गुडघेदुखीवर कोणता पाला चांगला. मला दोन्ही सांगता येत नाही. मला येतं ते झाड उपटणं, वर्तमानपत्रात दाबून वाळवणं आणि जाड कागदावर चिकटवून खाली त्याचं लॅटिन नाव लिहिणं. शेवटच्या वर्षाचं माझं प्रोजेक्ट आमच्या भागातल्या माळरानावरच्या वनस्पतींवर होतं. सगळे नमुने झाले होते, फक्त कंदीलपुष्प राहिलं होतं. मॅडमनी बजावलं होतं, "मुळासकट आण. मूळ नसेल तर त्या नमुन्याचे मार्क विसर." म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी घरून, म्हणजे मुरुमहून, लोहाऱ्याकडे निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर एसटीच्या भरवशावर राहू नका. जीप मिळते, पण ती भरल्यावर सुटते, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मांडीवर कुणाची तरी पेंडीची पिशवी होती आणि पिशवीवर माझी दप्तरासारखी सॅक. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्येच तूर. लोहाऱ्यात उतरल्यावर स्टँडजवळ सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, खाल्ला, वरून शेव आणि लिंबू. तीस रुपयांत दुपारपर्यंतची सोय होते. पाण्याच्या दोन बाटल्या आणि पायात बूट मात्र हवेतच.

हॉटेलवाल्या मामांना विचारलं, "मामा, इथं न नांगरलेला माळ कुठं राहिलाय?"

"माळ? लई उशिरा आलास बाबा. समदा नांगरून सोयाबीन केलाय लोकांनी." त्यांनी कढईतली भजी उलटली. "पुढच्या गावाच्या कब्रस्तानात बघ. तिथं ना नांगर जातो, ना शेरडं."

बोलणं खरं निघालं. अर्धा तास चालल्यावर दगडी कुंपण लागलं आणि आत शिरलो तर मी हरखूनच गेलो. बाहेर मैलभर एकच पीक आणि आत गुडघाभर गवत, त्यात मी पुस्तकात पाहिलेल्या कितीतरी वनस्पती. आणि एका गवताच्या झुबक्याला वेटोळं घालून उभं असलेलं कंदीलपुष्प. बोटाएवढं फूल, वर बंद, मध्ये बारीक झरोके. चिलट आत शिरतं, आतल्या केसांमुळे अडकतं, आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतं. हे मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते पहिल्यांदा.

ते कबरीवर होतं; तिच्या शिरोभागी रोवलेला दगड मला दिसला होता. दिसला नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल. मी गुडघ्यावर बसलो, खुरपं घातलं आणि कंद वर काढला. घाईत त्याला खुरप्याची धार लागली, चीक आला. वर्तमानपत्र उघडत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करायलायस?"

सत्तरीच्या पुढचे एक चाचा, डोक्यावर विणलेली टोपी, हातात पाण्याचा तांब्या. मी उभा राहिलो आणि कॉलेज, प्रोजेक्ट, सगळं एका दमात सांगितलं.

"नाव काय तुझं?"

"इम्रान."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मग तुला तर ठाऊक असंल."

ठाऊक होतं. आमच्या घरात चालायला लागल्यापासून सांगतात की कबरीवरचं हिरवं उपटू नये. ते हिरवं आहे तोवर अल्लाचं नाव घेत असतं, आणि खाली निजलेल्याला त्याचा आराम पडतो. मुळासकट नमुन्याच्या नादात मी ते विसरलो नव्हतो. बाजूला ठेवलं होतं. त्या क्षणाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"माझ्या घरवालीची हाय," चाचा म्हणाले. "दोन वर्सं झाली. मी काय बी लावलं न्हाय. ह्या साली आपोआप आलं हे. रोज येऊन बघतो." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "परत लावता येईल का? तू तर शिकलेला हायस."

कंद कापला गेला होता. वाचण्याची आशा कमी होती, हे मला शिकलेला असल्यामुळेच कळत होतं. हातात नमुना होता, मार्क होते, आणि समोर ते उभे होते. मी म्हणालो, "लावतो चाचा. जगेल का ते सांगता येत नाही."

खड्डा हातानं सारखा केला, कंद ठेवला, माती दाबली. चाचांनी तांब्यातलं पाणी हळूहळू घातलं आणि फातेहासाठी हात उचलले. मीही उचलले. निघताना त्यांनी माझा नंबर मागितला. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या नमुन्याच्या कागदावर मी फक्त फोटो चिकटवला. मॅडमनी विचारलं, "मूळ?" मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी मार्क कापले आणि कागद परत न देता फाइलीत ठेवला. चुकीचं काही केलं नाही त्यांनी.

वाचकहो, तिकडे गेलात तर आधी विचारा, परवानगी घ्या, आणि फोटोवर भागवा.

नोव्हेंबरात मी घरी मुरुमला असताना चाचांचा फोन आला. "वरलं सुकलं बेटा."

मी सांगितलं की हिवाळ्यात ते तसंही सुकतं. कंद जिवंत असेल तर पुढच्या पावसात फुटेल.

"मंजे खाली जितं हाय का मेलंय, आत्ता कळायचं न्हाय?"

"उकरून बघितलं तर कळेल, चाचा."

"न्हाय, न्हाय," ते घाईघाईनं म्हणाले. "उकरायचं न्हाय. मी पाणी घालतो."

तीन वर्षं मी शंका आली की उकरून बघायला शिकलो. आता जूनपर्यंत थांबायचं आहे. परवा फोन केला तेव्हा ते म्हणाले, रोज घालतोय.