खिंडीतला काटा

राम सांडू शिंगाडेला शनिवार-रविवारचा नाद लागला होता, आणि नाद वाईट, हे त्याची बायको दीपमाला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून सांगत होती. सोमवार ते शुक्रवार हा गडी चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर उभा. शनिवार उजाडला की हेल्मेट डोक्यावर आणि सायकल दाराबाहेर. सातारा डोंगर, सारोळा, म्हैसमाळचा उतार, दौलताबादच्या मागचे खडक, एकही पाऊलवाट त्यानं सोडली नव्हती. कुठं रेस आहे असं कानावर आलं की नाशिक म्हणू नका, सोलापूर म्हणू नका, कुणाच्या तरी गाडीच्या टपावर सायकल बांधून हा निघालाच.

सायकल मात्र जुनी होती. त्याच्या सायकलवाल्या ग्रुपमधल्या एकानं नवी घेतली, तेव्हा त्याची उतरलेली रामला मिळाली. आणि या ग्रुपमध्ये माणसाची पत सायकलीवरून ठरायची. सायकलीचं वजन किती, शॉकअप कुठला, ब्रेक कुठले. चहा पिताना दुसरा विषय नाही. डोंगर चढून वर गेले की समोर काय दिसतंय ते कुणी बघत नसे. आधी फोटो, मग मनगटावरचं घड्याळ, मग पुन्हा फोटो. ताकदीसाठी चोखायच्या एनर्जी जेलच्या रिकाम्या, चिकट पुड्या तिथंच झुडपात. आणि खाली आल्यावर हेच लोक निसर्ग वाचवण्यावर बोलणार. ऐकून कान किटायचे. राम मात्र ऐकायचा, माना डोलवायचा आणि हसायचा.

कारण त्याच्याकडे एकच गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती. त्याला नव्या वाटा ठाऊक होत्या. मेंढरांमागं हिंडण्यात त्याचं लहानपण गेलेलं. ग्रुपचा म्होरक्या राजेंद्र, पेशानं दातांचा डॉक्टर, खांद्यावर हात टाकून विचारायचा, "क्या राम, नया ट्रेल कब दिखाते?" खांद्यावरच्या त्या हातासाठी राम काय वाट्टेल ते करायला तयार असायचा. सगळी घाण इथूनच सुरू झाली.

सप्टेंबरात राजेंद्रच्या मनात आलं की आपण स्वतःच एक रेस भरवावी, आणि तीही कुणी न पाहिलेल्या वाटेवर. रामनं उचलली जीभ, लावली टाळ्याला, आणि एक वाट सांगून टाकली. सोयगावच्या अलीकडं डोंगरात त्याच्या आत्याची वाडी होती. आत्या मंजुळाबाई. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, वीस-बावीस शेरडं-मेंढरं एवढाच संसार. रामची आई आजारी असताना दोन वर्षं तिनंच त्याला सांभाळला होता.

वाडीच्या वर एक खिंड आहे आणि खिंडीपलीकडं लांबलचक उतार. पावसाळ्यात तिथं पवन्या आणि मारवेल गवत कमरेइतकं वाढतं. तो उतार राखायचा मान मंजुळाबाईच्या घराकडं. पोळ्याच्या आत ती खिंडीत बाभळीची फांदी आडवी टाकते, वर एक दगड ठेवते. झालं, वाट बंद. कुंपण नाही की राखणदार नाही. आसपासच्या तिन्ही वाड्यांची जनावरं त्या काट्यापाशी येतात आणि माघारी वळतात. दिवाळी झाली की ती आपल्या जनावरांपुरतं गवत कापून गंजी रचते, मग काटा उचलते आणि उरलेलं रान सगळ्यांना मोकळं होतं. काटा जिनं टाकला तिनंच उचलायचा. काटा दिसला नाही, म्हणजे तिनं रान मोकळं केलं. हे रामला बाराखडीच्या आधीपासून माहीत होतं.

रेसच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो आणि राजेंद्र वाट आखायला आले. राम चुन्याचे बाण मारत पुढं, राजेंद्र मोबाईलवर शूटिंग करत मागं. खिंडीत काटा होता.

"अरे, ये क्या? सबके टायर पंक्चर होंगे ना," राजेंद्र म्हणाला.

मंजुळाबाईचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणूनच रामनं विचारलं नाही. दगड बाजूला केला, फांदी उचलून लांब झुडपात फेकली आणि मोबाईलकडं बघून अंगठा दाखवला. "ट्रेल क्लिअर!" उद्या रेस झाली की परत टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला कोण आवरणार?

रेस झाली. चाळीस-पन्नास सायकलवाले ओरडत, चिखल उडवत त्या गवतातून खाली गेले आणि राम पहिला आला. आयुष्यात पहिल्यांदाच. गळ्यात हार पडला, हातात चषक आला, राजेंद्रचा हात खांद्यावर पडला. पाहुण्यांनी निसर्गावर भाषण केलं. त्यांच्या पायाशी केळीच्या साली आणि पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या.

काट्याची आठवण त्याला फुलंब्रीत झाली. हातात गरम भजी होती. गाडीत सहाजण होते, सगळे खुशीत. गाडी मागं वळवा, एक बाभळीची फांदी आडवी टाकायची राहिली, असं यांना कसं सांगायचं? हसले असते. रामनं भजी खाल्ली. पुढच्या शनिवारी जाऊ, एका आठवड्यात काय होतंय?

एका आठवड्यात सगळं झालं. शनिवारी तो खिंडीत पोचला तेव्हा उतार बोडका पडला होता. नुसते बुडखे, लेंड्या आणि शेण. मधून त्याच्या रेसच्या चाकांचे चर. एका बुडख्याला जेलची पुडी चिकटलेली. खालच्या वाडीचा म्हातारा त्रिंबक गुरं घेऊन चालला होता. त्याच्या मनात काही पाप नव्हतं.

"काटा दिसला नाय," तो म्हणाला. "आमी म्हनलं, औंदा मंजुळानं लवकरच मोकळं केलं. तिन्ही वाड्यांची जनावरं चार दिस हितंच व्हती. लई भलं झालं बघ."

राम आत्याकडं गेला. ती अंगणात करडाच्या खुरातला काटा काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काटा कुनी उचलला रं राम्या?"

आता तरी खरं बोलावं की नाही? पण नाही.

"सायकलवाल्यांनी, आत्या. शहरातली मानसं ती. त्यांना काय कळतंय?"

"व्हय का?" एवढंच ती म्हणाली. चुलीवर चहा ठेवला, त्याला कपात दिला, आपण बशीत घेतला. "आता उन्हाळ्याला काय घालावं ह्यांना?" हे तिनं करडाला विचारल्यासारखं विचारलं. रामनं चहा संपवला आणि उठला.

वाटेत आत्याच्या शेजारची निशा भेटली, कॉलेजात जाणारी. "रामदादा, तुमचा व्हिडिओ आलाय ना मोबाईलवर," ती म्हणाली. "काटा फेकून अंगठा दाखवता तो. सोमवारीच दाखवला मी आत्याला. तीन येळा लावायला लावला तिनं."

रामला स्वतःची शिसारी आली. रस्त्याच्या कडेला सायकल टाकून तो बसला. सोमवारीच तिला कळलं होतं. आज त्याला बोलू दिलं, खोटं बोलू दिलं, वर चहा पाजला. राजेंद्र आणि ती फोटोवाली मंडळी निदान अडाणी तरी होती. हा तर सगळं जाणून होता. घरी येऊन त्यानं चषक दीपमालाच्या हातात दिला आणि सांगितलं, माळ्यावर टाक, मला दिसायला नको.

दिवाळीनंतर त्यानं कडब्याच्या पेंढ्यांनी पिकअप भरली आणि शहरातला एक ड्रायव्हर घेऊन तो वाडीला निघाला. सगळा रस्ता तो मनातल्या मनात बोलत होता. आत्या, मीच उचलला. आत्या, मी खोटं बोललो. अजिंठा ओलांडेपर्यंत वाक्यं पाठ झाली होती.

गाडी आत्याच्या घराकडं वळणाऱ्या पांदीच्या तोंडाशी आली आणि थांबली. पांदीत बाभळीची फांदी आडवी पडली होती. वर दगड. अंगणात मंजुळाबाई झाडताना दिसत होती. गाडीचा आवाज तिनं ऐकला असणार, पण मान वर केली नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. "काटा बाजूला करतो, भाऊ. गाडी पार दारापर्यंत जाईल."

"हात लावू नको."

"अहो, घर तुमच्या आत्याचंच ना? मग काटा कुणासाठी टाकलाय?"

"माझ्यासाठी," राम म्हणाला.

दोघांनी पेंढ्या काट्याच्या अलीकडंच उतरवल्या. अंगणातलं झाडणं संपलं होतं. मंजुळाबाई घरात गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.