कोरडं पीठ

लग्न होऊन मी वडवणीला आले, त्या वर्षी गावात पहिला एसटीडी बूथ निघाला होता आणि आमच्या किराणा दुकानात थंड बाटल्यांचा फ्रीज आला होता. दुकानामागं आमचं घर. त्या घराच्या मागच्या भिंतीला एक म्हातारी येऊन राहिली. डोक्यावर छप्पर नाही; जवळ एक गाठोडं, तवा आणि परात.

मी भाकरी-कोरड्यास घेऊन गेले. तिनं हात पुढं केला नाही.

"शिजवलेलं नगं, लेकी. पीठ दे. भाकर माझी मी थापते."

मग रोज पीठ द्यायचे. दगडांच्या चुलीवर ती भाकरी भाजायची, जेवायची आणि चुलीपुढची जागा हातानं झाडून लख्ख करायची.

"घर कुठलं, मावशी?" एकदा विचारलं.

"व्हतं," म्हणाली. 

वेचणी सुरू झाली. शेतातला कापूस मागच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. त्याच खोलीच्या खिडकीखाली तिची चूल. एका दुपारी वारं सुटलं, ठिणगी उडाली आणि खिडकीतून बाहेर आलेल्या कापसानं पेट घेतला. सासऱ्यांनी धावत जाऊन घागर ओतली, म्हणून निभावलं.

"मावशी, हितं आता जाळ करू नका," ते हळूच म्हणाले. "आत वर्साचा कापूस हाय. दोन्ही येळची भाकर घरातून यील."

"मग मी करू काय?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

मी तिला आमच्या स्वयंपाकघरात बोलावलं. सासूबाईंचीही ना नव्हती. ती आली. ओट्यावरच्या नव्या गॅसकडं बघत अवघडून उभी राहिली. उभ्यानं भाकरी थापली, ती मोडली. तशीच परातीत ठेवून ती बाहेर गेली. सकाळी भिंतीपाशी कोणी नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी निघाले होते. मांजरसुंब्याला गाडी थांबली. ढाब्यामागं, खरकटी ताटं ठेवतात तिथं ती बसलेली दिसली. लोकांनी टाकलेले रोटीचे तुकडे रश्शात बुडवून खात होती. मी उतरले.

"मावशी, मी वडवणीची."

तिनं वर पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. पदरानं ताट मात्र झाकलं.

"गाडी जाईल तुजी," म्हणाली.

कंडक्टर हाका मारत होता. मी गाडीत चढले.

परत आल्यावर सासऱ्यांना सांगितलं. ते जेवत होते. हात थांबला.

"संगं आणायचं की तिला." मग स्वतःशीच म्हणाले, "पर आणून ठिवलं असतं कुठं?"

मी वाढायचं म्हणून आमटीत पळी घातली. ते 'नको' म्हणाले आणि हात धुवायला उठले.