भाचीला आणायला इंदूरला

मध्य प्रदेश नवा होता, आम्ही बौद्धही नवेच. जुना होता तो फक्त माझा होल्डॉल. तो खांद्यावर मारून मी नागपूरहून निघालो, भाचीला, कमलला, डॉक्टरीसाठी नागपूरला आणायला. महूची आमची मुलं वकिली-डॉक्टरीला नागपूरलाच यायची; मीही तसाच आलो होतो. वसतिगृह आपलं, मेस आपली, माणसं आपली. भाऊजींचं पत्र होतं : "कमल दाखले घ्यायला इंदूरला जाईल. तिथूनच तिला घेऊन निघा. मी महूला फलाटावर डबे आणतो."

इंदूरला उतरलो तर पोह्यांवर शेव, कचोरीवर शेव. पाणी मागताना मात्र, कुणी जात विचारेल म्हणून, जरा धाकधूकच वाटली.

कमलनं मला टांग्यात घातलं आणि थेट मेडिकल कॉलेजच्या खिडकीपुढे उभं केलं. "मामा, आज शेवटचा दिवस आहे. पालकाची सही पाहिजे."

मी गारच पडलो! खिडकीतले कारकून जुन्या सरदार घराण्यातले मराठी. "महूवाले? अरे भिया (म्हणजे भाऊ), तुमचे लोक तर नागपूरला जातात ना? आमची पोरं पुण्याला जातात."

"का हो?"

"आजोबा गेले होते ना!"

मी हसलो. तेवढ्यात कमल म्हणाली, "मामा, तुम्ही नागपुरात वकिलीला का गेलात?"

"सगळे गेले म्हणून."

"आणि?"

दोनदा नापास होऊन मी मास्तर झालो, हे अख्ख्या महूला ठाऊक होतं. कारकुनाला कळायची काय गरज होती?

"इथं आपलं कुणी नाही गं. एकटी पडशील."

"पहिली कुणीतरी एकटीच असते ना, मामा?"

मी कारकुनाकडून टाक मागून घेतला. सही केली. भीती होती ती फक्त भाऊजींची.

संध्याकाळी आधीच काढलेली दोन तिकिटं खिशात घेऊन मी एकटाच गाडीत बसलो. महूला भाऊजी दोन डबे घेऊन उभे.

"कमल कुठंय?"

"तिनं इंदूरला मेडिकलला नाव घातलं, तिथंच वसतिगृहात राहिली. सही माझी आहे, शिव्या मला द्या."

भाऊजींनी माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली. शिट्टी झाली. त्यांनी एक डबा माझ्या हातात कोंबला. "एकटीच आहे ती तिथं?"

"हो."

"मग जेवली नसेल," म्हणत दुसरा डबा पोटाशी धरून ते इंदूरच्या गाडीकडे धावत सुटले.

हल्ली महूच्या मुली इंदूरलाच नाव घालतात. का म्हणून विचारलं, तर म्हणतात, "कमलताई गेली होती ना!"